पोलीस भरतीची पोरं, बारा आठवड्यांचा ताकद-सराव आणि मोजमापाची भानगड : नागपूरच्या मैदानावरच्या नोंदी

प्रकल्प काय आहे ते आधी सांगतो. मी शाळेत शारीरिक शिक्षण शिकवतो. दक्षिण नागपुरातल्या एका मैदानावर सकाळी भरतीची तयारी करणारी मुलं माझ्याकडे येतात. शिपाई भरतीची मैदानी चाचणी 50 गुणांची. मुलांसाठी 1600 मीटर धावण्याला 20, 100 मीटरला 15 आणि 7.26 किलोच्या गोळ्याला 15. इकडे सगळीकडे तयारी म्हणजे रोज धावणं, आणि जाहिरात निघाली की गोळा हातात घेणं. मला बघायचं होतं की आठवड्यातले धावण्याचे दोन दिवस काढून तिथं ताकदीचा सराव घातला तर 1600 बिघडतं का, 100 आणि गोळा सुधारतो का, आणि अंगावरच्या चरबीत काही फरक पडतो का. काटोल, उमरेड, भंडारा, कुठंही कुणाला हेच करून बघायचं असेल त्याच्यासाठी या नोंदी.

2 नोव्हेंबर

दिवाळी आटोपली, मुलं परत येऊन राहिली. साहित्य गोळा केलं. 50 मीटरचा फायबर टेप, चामडीच्या चिमटीची जाडी मोजायचा प्लास्टिकचा चिमटा (स्किनफोल्ड कॅलिपर), पायाखाली चार पत्रे असलेला चरबी दाखवणारा डिजिटल वजनकाटा, फक्की, सिमेंटच्या रिकाम्या गोण्या. सगळं मिळून साडेतीन हजारांच्या आत बसलं. त्यातला निम्म्याहून जास्त खर्च वजनकाट्याचा, आणि तोच पुढं सगळ्यात निरुपयोगी ठरला. गोळे मुलांकडे होतेच. किराणा दुकानाच्या इलेक्ट्रॉनिक काट्यावर तोलले तेव्हा एक बरोबर निघाला, दुसरा जवळपास पाव किलो हलका. हलका बाजूला काढला. त्यावर सराव करणारा मुलगा हिरमुसला, कारण त्याची सगळ्यात लांब फेक त्याच गोळ्याची होती.

5 नोव्हेंबर

मैदानावरची 'चारशेची राउंड' टेपने मोजली. निघाली 371 मीटर. म्हणजे इतकी वर्षं मुलं चार राउंड मारून 1600 चा वेळ सांगत होती, ते प्रत्यक्षात 1484 मीटर होते. भरतीच्या दिवशी अर्ध्या मिनिटाने वेळ का वाढतो याचं कारण पोरं 'टेन्शन'ला देत होती.

मैदानात पूर्ण 400 बसत नाही, म्हणून 200 ची आखली. दोन सरळ बाजू 50-50 मीटर, दोन अर्धवर्तुळं मिळून 100. वर्तुळाची त्रिज्या त्यावरून 15.92 मीटर येते. पण आतल्या बाजूला कठडा नसून नुसती फक्कीची रेघ असेल तर मोजणी रेघेपासून 20 सेंटीमीटर बाहेर धरतात, कारण कुणी रेघेवरून धावत नाही. म्हणून रेघ 15.72 मीटर त्रिज्येची मारायची. मध्ये खुंटा, त्याला दोरी, दोरीच्या टोकाला फक्कीचा डबा. नायलॉनची दोरी आणि सुतळी ताणली जाते, तेव्हा त्या वापरू नका. मी शेवटी बारीक तार घेतली. 1600 साठी आठ फेऱ्या. वळणं जास्त म्हणून वेळ 400 च्या ट्रॅकपेक्षा थोडा जास्तच येणार. पण आधी आणि नंतर दोन्ही इथंच मोजलं तर तुलनेला अडचण नाही. मानकापूरच्या क्रीडा संकुलात नेऊन मोजण्याचा विचार होता. इतक्या मुलांची येण्या-जाण्याची सोय जमली नाही.

8 नोव्हेंबर

वजनकाट्याने डोकं फिरवलं. एकाच मुलाची चरबी सकाळी उठल्यावर एक, धावून आल्यावर दुसरी, आणि एक लिटर पाणी पिऊन तिसरी. हे काटे पायातून बारीक वीज सोडतात आणि तिला किती अडथळा होतो त्यावरून अंदाज बांधतात. अडथळा ठरतो मुख्यतः शरीरातल्या पाण्यावर. थंडीत तळपाय कोरडे-भेगाळलेले असले तरी आकडा बदलतो. फरशी किंचित उतरती असेल तर वजनसुद्धा हलतं. ते जाड प्लायवूड खाली टाकल्यावर थांबलं. चरबीचा आकडा मात्र सोडून दिला. काटा आता फक्त वजनाला, सकाळी लघवीनंतर, काही न खाता-पिता.

9 ते 12 नोव्हेंबर

कॅलिपरचा हात बसवला. चिमटींच्या बेरजेवरून चरबीचा टक्का काढायची जॅक्सन आणि पोलॉक यांची 1978 ची पद्धत घेतली. पुरुषांसाठी तीन जागा : छाती, पोट, मांडी. छातीवर काखेची घडी आणि स्तनाग्र यांच्या मध्ये तिरकी चिमट, पोटावर बेंबीच्या उजवीकडे 2 सेंटीमीटरवर उभी, मांडीवर पुढच्या बाजूला मधोमध उभी. सगळं उजव्या बाजूने. बोटांनी धरलेल्या चिमटीपासून कॅलिपर 1 सेंटीमीटर लांब लावायचा आणि दाबल्यावर दोन सेकंदांनी वाचायचं. जास्त थांबलं तर चामडीखालची चरबी दबत जाते आणि आकडा उतरतच राहतो.

धावून आल्यावर मापं घेऊ नका. अंग घामानं निसरडं होतं, चामडीत रक्त वाढतं, चिमट जाड येते. उघड्यावरही घेऊ नका, कारण नोव्हेंबरच्या सकाळी शर्ट काढून उभा राहिलेला मुलगा कुडकुडतो आणि पोटाचे स्नायू ताठ धरतो. समाजभवनाची खोली मागून घेतली.

मुली या खेपेला घेतल्या नाहीत. मुलींची मापं बाईनंच घ्यायला हवीत, आणि तेव्हा तशी सहकारी नव्हती. नुसत्या धावण्याच्या वेळा घेऊन अर्धवट आकडे जमवण्यात अर्थ नव्हता.

13 नोव्हेंबर

ही नोंद सगळ्यात महत्त्वाची, म्हणून लांबण लावतो.

दहा मुलांची मापं घेतली. तासाभराने पुन्हा त्याच दहांची, पहिले आकडे न बघता. प्रत्येकाच्या तीन जागांची बेरीज केली, दोन बेरजांमधला फरक काढला, फरकाचा वर्ग केला, सगळे वर्ग मिळवले, त्याला मुलांच्या संख्येच्या दुपटीने भागलं (इथं 20) आणि वर्गमूळ घेतलं. ही झाली मोजणाऱ्याच्या हाताची चूक. माझी आली 3.1 मिलिमीटर.

आता या आकड्याला 2.77 ने गुणा. येतात 8.6. इतका फरक नुसत्या हाताच्या चुकीनेही दिसू शकतो. म्हणजे उद्या एखाद्या मुलाची बेरीज बारा आठवड्यांनी 7 मिलिमीटरने कमी दिसली तर ती सरावाने कमी झाली की माझ्या बोटांनी, हे मला सांगता येणार नाही. 7 मिलिमीटर किती मोठे? 21 वर्षांच्या मुलाची बेरीज 45 असेल तर सूत्रातून चरबी 12.6 टक्के येते, 40 असेल तर 11.1. पाच मिलिमीटरला दीड टक्का. आणि आपल्याकडं जिमच्या भिंतीवर 'महिन्यात 2 टक्के फॅट लॉस' म्हणून फोटो लागतात!

चूक कमी कशी केली ते लिहितो. जागा टेपने मोजून पेनाने खूण करायची, अंदाजाने नाही. एका जागेवर लागोपाठ तीनदा दाबायचं नाही. छाती, पोट, मांडी अशी एक फेरी, मग दुसरी, मग तिसरी, आणि तिन्हींतला मधला आकडा घ्यायचा. आकडा मी वाचायचा, वहीत दुसऱ्याने लिहायचा, आणि वही माझ्याकडं तोंड करून ठेवायची नाही. शेवटची अट सगळ्यात कामाची. आधीचा आकडा डोळ्यासमोर असला की पुढचा आपोआप त्याच्या जवळ येतो.

15 नोव्हेंबर

नवीन दहांवर पुन्हा केलं. चूक 1.6 वर आली, म्हणजे 4.4 मिलिमीटरपेक्षा मोठा फरकच खरा मानायचा. आणखी खाली आणायला चांगला धातूचा कॅलिपर लागेल. तो माझ्या बजेटात नाही.

टक्केवारी काढायची की नाही यावर बराच खल केला. जॅक्सन-पोलॉकचं सूत्र अमेरिकेतल्या माणसांवर बांधलेलं. दुसरं गाजलेलं डर्निन आणि वोमर्स्लीचं 1974 चं सूत्र ग्लासगोतल्या 481 जणांवर. आपली हाडं-माती वेगळी. पुण्याच्या केईएम रुग्णालयातले डॉ. चित्तरंजन याज्ञिक यांचा 2004 सालचा दाखला यात नेहमी आठवतो. ते आणि त्यांचे ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन, दोघांचा बीएमआय (उंचीच्या मानाने वजन) अगदी सारखा, 22.3. चरबी मोजली तर युडकिन यांची 9.1 टक्के आणि याज्ञिकांची 21.2. दिसायला सडपातळ आणि आत चरबी, हे आपल्याकडं सर्रास. त्यामुळं परदेशी सूत्रातून येणारा टक्का आपल्या पोरांसाठी खरा धरणं मला पटत नाही. ठरवलं की नुसती मिलिमीटरची बेरीजच ठेवायची. मुलांना टक्का हवा असतो, त्यांनी बराच आग्रह धरला. दिला नाही.

17 नोव्हेंबर

100 मीटरच्या वेळा. पहिल्या फेरीत सुरुवातीच्या रेघेवर एक मुलगा शिट्टी वाजवायचा आणि मी 100 मीटरवर घड्याळ दाबायचो. सगळ्यांच्या वेळा संशय यावा इतक्या चांगल्या आल्या. आवाजाला 100 मीटर यायला साधारण 0.3 सेकंद लागतात. धावणारा निघून जातो, घड्याळ त्यानंतर सुरू होतं, आणि तेवढा वेळ फुकट कमी लागतो. 15 गुणांच्या प्रकारात 0.3 सेकंद म्हणजे मोठी गोष्ट. सगळ्यांना परत धावायला लावलं. अर्धी सकाळ गेली.

आता शिट्टीसोबत हात झटक्यात खाली, आणि मी हात बघून दाबतो. हाताच्या घड्याळाला स्वतःची ढिलाई असतेच. अधिकृत स्पर्धांत 100 मीटरला हाताने घेतलेल्या वेळेत 0.24 सेकंद मिळवून इलेक्ट्रॉनिक वेळेशी तुलना करतात. मी मिळवलं नाही, कारण तुलना माझ्याच आकड्यांची माझ्याच आकड्यांशी. दोन जणांनी वेळ घ्यायची आणि सरासरी काढायची एवढं केलं. दुसरा वेळ घेणारा मैदानावरचाच एक निवृत्त हवालदार काका. त्यांना कोण कुठल्या गटात हे शेवटपर्यंत सांगितलं नाही.

18 नोव्हेंबर

उभी उडी, समाजभवनाच्या भिंतीवर. बोटांना फक्की लावून आधी उभं राहून हात उंच, खूण. मग उडी, दुसरी खूण. दोन खुणांतलं अंतर म्हणजे उडी. यात पोरं हुशार. उभ्या खुणेच्या वेळी खांदा पूर्ण उचलतच नाहीत, म्हणजे उडी मोठी दिसते. एकाला म्हटलं हात अजून वर घे, तर म्हणतो, 'जात नाही ना सर, एवढाच आहे माझा हात.' टाचा टेकलेल्या आणि कान दंडाला चिकटलेला, असा नियम केल्यावर त्याचा हात वाढला.

20 नोव्हेंबर

24 मुलं, सगळी 18 वर्षांवरची, सगळ्यांकडून मराठीत लिहिलेल्या संमतीपत्रावर सह्या. 1600 च्या वेळेप्रमाणे रांग लावली, शेजारच्या दोघांची जोडी, आणि प्रत्येक जोडीत चिठ्ठी टाकली : एक 'धाव', एक 'ताकद'. नुसत्या चिठ्ठ्या टाकल्या असत्या तर सगळे वेगवान एकीकडं जमण्याची भीती होती.

चिठ्ठ्या उघडल्यावर दोघांनी आपसांत बदलून घेतल्या. मित्र एका गटात हवा होता म्हणे. पकडलं आणि परत केल्या. चिठ्ठी उघडल्या उघडल्या वहीत नाव लिहून घ्या, नंतर नको.

22 नोव्हेंबर : सराव सुरू

धाव गट : आठवड्याला सहा दिवस, त्यात दोन दिवस इंटरव्हल (जोरात धाव, मध्ये विश्रांती, असे तुकडे), एक लांब संथ धाव, बाकी मध्यम. ताकद गट : चार दिवस धाव (दोन्ही इंटरव्हल कायम, काढले ते मध्यम धावीचे दिवस), दोन दिवस ताकद. रेतीने भरलेली गोणी, म्हणजे बोरी, छातीशी धरून स्क्वॉट (बैठक), बोरीचा डेडलिफ्ट (जमिनीवरून उचलणं), डोक्यावर ढकल, पुढे-मागे पाय टाकून लंजेस, दंड. तीन सेट, आठ ते दहा वेळा, दहावी जेमतेम जमेल इतकं वजन. गोळ्याचं तंत्र दोन्ही गटांना सारखाच वेळ. हे आवर्जून, नाहीतर शेवटी गोळा लांब गेला तो ताकदीने की सरावाने ते कळणार नाही.

1 डिसेंबर

बोऱ्या हलक्या झाल्या. कन्हान नदीची रेती आणली होती, भरताना ओली होती. दहा दिवसांत उन्हाने वाळली आणि काही बोऱ्यांचं वजन दोन-अडीच किलोने उतरलं. पोरं खूष, 'सर, ताकद वाढून राहिली!' रेती आधी ताडपत्रीवर पसरून पूर्ण वाळवायची, प्लास्टिकच्या पिशवीत बांधायची, मग गोणीत. वजन तोलून गोणीवर रंगाने लिहायचं. दोन दिवस वाया गेले, त्या दिवशी फक्त दंड आणि लंजेस घेतले.

6 डिसेंबर

महापरिनिर्वाण दिन. बरीच मुलं दीक्षाभूमीवर, काही आदल्या दिवशीच मुंबईला गेलेली. सराव हलका ठेवला.

सरावाचा भार नोंदवण्यासाठी शून्य ते दहा असं 'किती जड गेलं' विचारतो आणि त्याला मिनिटांनी गुणतो. कार्ल फॉस्टर यांची पद्धत, फुकट आणि सोपी. अडचण अशी की मैदानावर सगळ्यांसमोर विचारलं की सगळे 'पाच' म्हणतात. कुणाला कमजोर दिसायचं नसतं, आणि सरांना उद्धटही वाटायचं नसतं. आता सराव संपल्यावर अर्ध्या तासाने व्हॉट्सॲपवर एकेकट्याने पाठवायचं. लगेच आठ-नऊ यायला लागले.

10 डिसेंबर

विधिमंडळाचं हिवाळी अधिवेशन. शहरात राज्यभरातून बंदोबस्त आलाय, आणि आमच्या मैदानावर गाड्या उभ्या. यात कुणाला बोल नाही, दरवर्षीचं आहे, मीच तारखा ठरवताना धरायला हवं होतं. शेजारच्या वस्तीतल्या मोकळ्या जागेत सराव हलवला. तिथं गिट्टी जास्त आणि सरळ 70 मीटरच. मधल्या चाचण्या ठरवल्या होत्या, रद्द केल्या. वेगळ्या जमिनीवरची वेळ घेऊन काय करणार? उडी तेवढी घेतली, भिंत तीच होती.

नागपुरात डिसेंबरात प्रकल्प घेणाऱ्याने दोन आठवडे कोरे धरून चालावं.

18 डिसेंबर

गळती. दोघं कापूस वेचणीला गावी गेले, एक समृद्धीकडच्या कुठल्याशा गोदामात नोकरीला लागला. एकाने गुडघा धरला तो मोटरसायकलवरून पडून, सरावाशी संबंध नाही. जो गेला त्याचं कारण आणि तारीख लिहून ठेवतोय. नुसती नावं खोडली तर शेवटी राहिलेले फक्त टिकाऊ, आणि मग सरावच भारी होता असं वाटायला लागतं.

याहून मोठी भानगड वेगळीच. धाव गटातला एक जण मला वस्तीतल्या व्यायामशाळेच्या दारात भेटला. खांद्यावर पांढरी माती. चौकशी केली तर तिघं जण संध्याकाळी बैठका आणि दंड मारून राहिले होते. 'त्यायले शिकवता, आमाले काऊन नाही शिकवत सर? आमची भरती नाही का?' त्याचं बरोबर होतं. माझ्या प्रकल्पासाठी त्यानं नोकरीचा चान्स कशाला सोडावा? त्या रात्री दोन्ही गटांना एकत्र बसवून सांगितलं की फेब्रुवारीत चाचण्या झाल्या की धाव गटाला हाच ताकद-सराव, ह्याच बोऱ्यांवर, पूर्ण बारा आठवडे, आणि जाहिरात त्याआधी निघाली तर प्रकल्प बंद, सगळ्यांना सगळं. हे पहिल्या दिवशी सांगितलं असतं तर बैठका लपून मारल्या गेल्या नसत्या. तिघांची नावं वहीत वेगळी ठेवली. हिशेब त्यांना धरून आणि वगळून, दोन्ही प्रकारे करणार.

28 डिसेंबर

नडगी दुखणं. धाव गटात चौघं, ताकद गटात एक. चौघांतले तिघं सकाळी मैदानावर येण्याआधी डांबरी रस्त्यावरून 'वॉर्मअप' म्हणून धावत येत होते, ते माझ्या हिशेबात कुठंच नव्हतं. आता घरून येण्याचं अंतरही लिहून घेतो. एक आठवडा इंटरव्हल बंद, माती-गवतावर संथ धाव, पोटरीच्या टाच-उचल. दोघांचं थांबलं, एकाला डॉक्टरांकडे पाठवलं.

ताकद गटात वेगळी तक्रार : इंटरव्हलच्या दुसऱ्या दिवशी स्क्वॉटला पाय उचलत नाहीत. रॉबर्ट हिक्सन यांनी 1980 मध्ये हेच दाखवलं होतं. ताकद आणि दमाचा कडक सराव एकत्र दिला की ताकद सुरुवातीचे सहा-सात आठवडे वाढते, मग अडते आणि शेवटी उतरते. त्यांचा डोस आठवड्याला ताकदीचे पाच दिवस आणि धाव-सायकलचे सहा दिवस असा राक्षसी होता. आमचा त्याच्या पासंगालाही पुरत नाही. तरी वार बदलले. इंटरव्हल आणि ताकद यांच्या मध्ये एक संथ किंवा सुट्टीचा दिवस. पुढच्या आठवड्यात बोरीचं वजन परत वाढवता आलं.

5 जानेवारी

जेवणाचे तीन दिवस लिहून आणायला सांगितले. मेसच्या डब्यात पातळ वरण, दोन पोळ्या, भात, बटाट्याची भाजी. सकाळी टपरीवर तर्री पोहे. 60 किलोच्या मुलाला प्रथिनं कशीबशी 40-45 ग्रॅम भरत होती. ताकद वाढवायला किलोमागे 1.6 ग्रॅमपर्यंत फायदा दिसतो असं 2018 च्या, बऱ्याच अभ्यासांच्या एका मोठ्या संकलनात आहे, म्हणजे याला 95 च्या आसपास हवीत. पोरांचं उत्तर एकच : पावडरचा डबा. एक डबा म्हणजे महिन्याची मेस. त्याऐवजी 50 ग्रॅम सोयाबीन वडी (प्रथिनं साधारण 26 ग्रॅम), दोन अंडी (12), मूठभर फुटाणे. वड्या नुसत्या उकडून कुणी खात नाही. एकाच्या आईने सावजी मसाल्यात टाकून दिल्या तेव्हा प्रश्न मिटला, फक्त तेल जरा हात राखून घाला म्हटलं. दोन्ही गटांना हेच सांगितलं. एकाच गटाला सांगितलं असतं तर प्रयोग वड्यांचा झाला असता.

14 जानेवारी

संक्रांत. मैदानभर पतंग आणि मांजा. मागच्या आठवड्यापासूनच झाडांना, खांबांना लोंबकळणारा नायलॉनचा मांजा, धावणाऱ्याच्या गळ्याच्या उंचीवर. सकाळी आधी एक फेरी चालत मारून मांजा गोळा करायचा, मगच धावायचं. आज आणि उद्या सराव बंद.

14 फेब्रुवारी : शेवटच्या चाचण्या

मैदान तेच, फक्कीची रेघ नव्याने पण त्याच तारेने. तोच काटा, तोच प्लायवूड, तेच हवालदार काका. आदल्या दिवशी सगळ्यांना सुट्टी. 24 पैकी 19 राहिले, ताकद गटात 10, धाव गटात 9. नोव्हेंबरची पाने स्टेपल करून बंद होती.

1600 च्या आधी जोराचा वारा सुटला. थांबलो, दुसऱ्या दिवशी घेतलं.

17 फेब्रुवारी

हिशेब. 1600 चा वेळ दोन्ही गटांत कमी झाला, आणि गटागटांत म्हणावा असा फरक नाही. म्हणजे धावण्याचे दोन दिवस काढल्याने ताकद गटाचं नुकसान झालेलं दिसत नाही. मला भीती याचीच होती. गोळा : ताकद गटात सगळ्यांचा वाढला, धाव गटात काहींचा. उडीतही तसंच. 100 मीटरला ताकद गट किंचित पुढं. पण दोन घड्याळांतच एक-दीड दशांशाचा फरक पडतो, तेव्हा त्यावर मी पैज लावणार नाही. चोरून बैठका मारणारे तिघं वगळले तर गोळ्यातला फरक आणखी ठळक होतो.

चरबी. 4.4 मिलिमीटरची रेघ ओलांडून बेरीज उतरलेले ताकद गटात तीन, धाव गटात दोन. बाकी चौदा जणांबद्दल काहीच म्हणता येत नाही. त्यातल्या कित्येकांची बेरीज 2-3 मिलिमीटरने खाली आहे. नोव्हेंबरात हाताची चूक मोजली नसती तर मी या सगळ्यांना 'चरबी घटली' असं लिहून मोकळा झालो असतो. वजन ताकद गटात बहुतेकांचं जिथल्या तिथं, दोघांचं वाढलं. वाढलेल्यांपैकी एकजण काळजीत होता. त्याचा गोळा गटात सगळ्यात जास्त पुढं गेलाय, तेव्हा त्याला म्हटलं काट्याकडं बघू नको, टेपकडं बघ.

गट छोटे आहेत. याच्यावरून नागपूरच्या सगळ्या भरतीवाल्यांबद्दल काही ठोकून द्यायचं नाही. एसआरपीएफची (राज्य राखीव पोलीस दलाची) तयारी करणाऱ्यांना 5 किलोमीटर धावावं लागतं. त्यांच्यासाठी दोन दिवस काढणं परवडेल की नाही, हे यातून कळत नाही.

22 फेब्रुवारी

धाव गटाचा ताकद-सराव ठरल्याप्रमाणे सुरू. उन्हाचा चटका लागायला लागलाय, म्हणून साडेपाचला बोलावलं. दोघांनी 'एवढ्या लवकर कशाले सर' केलं, पण आले.

मुलींसाठी एक सहकारी तयार झाली आहे, बी.पी.एड. झालेली. मुलींच्या जागा वेगळ्या : दंडाची मागची बाजू, कमरेच्या हाडाच्या वरची जागा आणि मांडी. गोळा 4 किलोचा, धाव 800 मीटर. गट पाडण्याची तिला घाई आहे. तिला म्हटलं आधी दहा जणींची दोनदा मापं घे, मधल्या वेळात वही माझ्याकडं दे. हाताची चूक किती येते ते कळू दे, मग चिठ्ठ्या. कॅलिपरची स्प्रिंग आता थोडी सैल वाटते, तेव्हा नवा घ्यावा लागेल. तो घेतला की माझीही चूक नव्याने मोजायची.